पटावरच्या गव्हाचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गणित’ एवढाच शब्द छापला आहे. तो वाचून मागच्या रांगेतील काही मंडळी चहाच्या दिशेने निघाली असतील, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण जे बसून आहेत त्यांना एक हमी देतो. मी सगळ्या गणिताबद्दल बोलणार नाही. फक्त एका संख्येबद्दल बोलणार आहे. ती संख्या ही:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंक आहेत. ही संख्या कुठून आली ती गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. सिस्सा नावाच्या एका हिंदी पंडिताने शतरंजचा खेळ शोधून काढला आणि बादशहाला दाखविला. बादशहा खूश झाला. माग काय हवे ते, म्हणाला. पंडिताने मागितले ते असे, की पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशा रीतीने दुप्पट दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जेवढे दाणे होतील तेवढे द्यावेत. बादशहाला ही मागणी अगदीच क्षुल्लक वाटली. हिशेबनिसांनी आकडा काढला तेव्हा त्याचे डोळे उघडले. सगळ्या घरांतल्या दाण्यांची बेरीज म्हणजेच वर लिहिलेली संख्या होय.

गोष्ट येथे संपते आणि आपणही येथेच थांबतो. माझी तक्रार नेमकी या थांबण्याबद्दल आहे. आपल्या जलशांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, की बीजगणित आम्ही जगाला दिले. टाळ्या पडतात. तोच श्रोता घरी जातो, मुलाची प्रगतीपुस्तिका पाहतो, गणितात पस्तीसच्या आत गुण दिसतात, आणि तो म्हणतो, ‘जाऊ दे, आपल्या खानदानात गणित कुणालाच आलेले नाही.’ पालकहो, या दोन वाक्यांपैकी एक तरी खोटे असले पाहिजे!

आणि ‘खानदानात कुणालाच आले नाही’ हे तर मुळीच खरे नाही. जकातीचा चाळिसावा हिस्सा काढणारा माणूस अपूर्णांक वापरतो. एखाद्या घरात वारसाची वाटणी करावयाची असते. पत्नीचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, वडिलांचा सहावा, उरलेले मुलाबाळांचे. मौलवीसाहेब मालमत्तेचे चोवीस भाग धरतात. तीन, चार आणि चार देऊन टाकतात आणि मुलांसाठी तेरा ठेवतात. आठ आणि सहा यांचा लसावि चोवीस, हे त्यांना कोणी शाळेच्या भाषेत सांगितले असेल किंवा नसेल, पण ते गणितच करीत असतात. ज्या अल्-ख्वारिज्मीच्या नावाने आपण टाळ्या वाजवितो, त्याच्या बीजगणितावरील ग्रंथाचा मोठा भाग अशाच वारसाच्या उदाहरणांनी भरलेला आहे.

आता गव्हाकडे परत येऊ. ही गोष्ट ऐकून ‘खरेच का?’ असे विचारणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव इब्न खल्लिकान. जन्म १२११ मध्ये इरबिलला, मृत्यू १२८२ मध्ये दमास्कसला. त्या शहराचा तो काझी होता. थोर माणसांच्या चरित्रांचा त्याचा मोठा कोश प्रसिद्ध आहे. त्यात अस्-सूली या शतरंजपटूच्या चरित्राच्या ओघात त्याने ही गोष्ट दिली आहे आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिले आहे, की आकडा इतका मोठा होतो याबद्दल मला शंका होती, अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने ती फेडली.

त्या हिशेबनिसाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने सोळाव्या घरापर्यंत दुप्पट करून दाखविली: ३२,७६८ दाणे. एवढे दाणे म्हणजे एक कदह, हे धान्य मोजण्याचे तिकडचे लहान माप. आणि हे मी स्वतः मोजून पाहिले आहे, असे तो म्हणाला. झाले! आता दाणे मोजायचे कारण नाही, मापे मोजायची. विसाव्या घरात सोळा कदह, म्हणजे एक वैबा. सहा वैब्यांचा एक अर्दब. चाळिसाव्या घरापर्यंत १,७४,७६२ अर्दब आणि वर थोडे. याहून अधिक धान्य एका कोठारात मावत नाही, तेव्हा एवढ्याला एक कोठार म्हणू. पन्नासाव्या घरात अशी १,०२४ कोठारे होतात. त्यांना एक शहर म्हणू. मग चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरे होतात. आणि सांगा पाहू, जगात एवढी शहरे तरी आहेत काय?

विद्यार्थी मित्रहो, बाजारातल्या हिशेबनिसाची ही रीत मला फार आवडते. दाणा, माप, पोते, कोठार, शहर. प्रत्येक पायरीवर एकक मोठे केले आणि आकडा आटोक्यात ठेवला. तुम्हीही हे घरी करू शकता. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात असे धरा. मग पटावरचा सगळा गहू सुमारे ७४ हजार कोटी टन होतो. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक त्या पंडिताच्या अंगणात आणून टाकावे लागेल.

आता त्या संख्येपर्यंत पोहोचायचे कसे? सरळ मार्ग म्हणजे त्रेसष्ट वेळा दुप्पट करायची आणि मग चौसष्ट संख्यांची बेरीज करायची. हे काम शिक्षा म्हणून देण्याजोगे आहे. इब्न खल्लिकानच्याही दोनशे वर्षे आधी अबू रैहान अल्-बिरूनी याने ते चार गुणाकारांत आणि एका वजाबाकीत केले. बिरूनीचा जन्म ९७३ चा. प्राचीन लोकांच्या कालगणनेवरचा त्याचा ग्रंथ इ.स. १००० च्या सुमाराचा, म्हणजे त्या वेळी तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. त्या ग्रंथात या पटाचा हिशेब आला आहे आणि त्यासाठी त्याने दोन नियम सांगितले आहेत.

पहिला नियम असा. कोणत्याही घरातल्या दाण्यांचा वर्ग केला, की पहिल्या घरापासून त्या घराचे जेवढे अंतर तेवढेच आणखी पुढे असलेल्या घराचे दाणे मिळतात. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पहिल्यापासून पाचवे घर चार पावले दूर. आणखी चार पावले गेलो की नववे. सोळाचा वर्ग २५६, आणि नवव्या घरात २५६ च आहेत. आता २५६ चा वर्ग करा: ६५,५३६, हे सतरावे घर. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसावे घर. त्याचा पुन्हा वर्ग केला की पासष्टावे घर. पटावर पासष्टावे घर नसते, पण बिरूनीला ते हवे आहे. का ते दुसऱ्या नियमात कळते.

दुसरा नियम: कोणत्याही घरातल्या दाण्यांतून एक वजा केला, की त्याच्या आधीच्या सगळ्या घरांची बेरीज मिळते. हा नियम पाठ करू नका, पाहा. शेजारणीकडून एक दाणा उसना आणा आणि पहिल्या घरातल्या दाण्याजवळ ठेवा. दोन झाले. हे दोन उचलून दुसऱ्या घरातल्या दोनांत मिळवा, चार झाले. ते तिसऱ्या घरातल्या चारांत मिळवा, आठ झाले. चटई गुंडाळीत न्यावी तसे गुंडाळीत न्या. चौसष्टाव्या घराशी गुंडाळी संपेल तेव्हा हातात बरोबर पासष्टाव्या घराएवढे दाणे असतील. त्यातला शेजारणीचा एक दाणा परत करा. उरली ती आपली संख्या. दोनाचा चौसष्टावा घात, वजा एक.

या बिरूनीने पुढे, सुमारे १०३० साली, हिंदुस्थानावर आपला विख्यात ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंदविले आहे, की हिंदू लोक अंकस्थानांची नावे अठराव्या स्थानापर्यंत देतात. एकं, दहं, शतं, सहस्र असे म्हणत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हीच अठरा स्थाने आहेत. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे परार्धालाही ओलांडून जाते. म्हणावयाचेच झाले तर १८४ परार्ध आणि वर आणखी पुष्कळ. ‘लीलावती’चा विषय निघालाच आहे तर सांगतो, की अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये तिचे फारसीत भाषांतर केले. आणि आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. राजांनी शिक्षणासाठी दान दिल्याचे त्यात कोरले आहे. आमच्या संस्थेच्या देणगीदारांनी हे ध्यानात घ्यावे, एवढेच म्हणून पुढे जातो.

आतापर्यंत आपण संख्या मिळविली. आता तिची ओळख करून घेऊ. एखादा पाहुणा घरी आला की आपण विचारतो, कुठले, कोणाचे, नातेवाईक कोण? संख्येलाही हेच विचारायचे असते. तिचे अवयव कोणते, ती मूळ की संयुक्त, कोणत्या जातीतली?

पहिली दोन उत्तरे पाचवी-सहावीतल्या मुलीलाही देता येतील. शेवटचा अंक ५ आहे, म्हणून संख्येला पाचाने भाग जातो. वीसही अंकांची बेरीज करा, ती ८७ येते. ८७ ला तीनाने भाग जातो पण नवाने जात नाही. म्हणून आपल्या संख्येलाही तीनाने जातो, नवाने जात नाही. पण पुढे काय? उरलेल्या अठरा-एकोणीस अंकी संख्येला सात, अकरा, तेरा असे एकेकाने भाग देत बसलो तर वर्षे जातील.

येथे आठवी-नववीच्या पुस्तकातले एक सूत्र कामी येते. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात: अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर अ अधिक ब गुणिले अ वजा ब. बिरूनीने पासष्टावे घर कसे मिळविले? तेहतिसाव्याचा वर्ग करून. आणि एकाचा वर्ग एकच. म्हणून आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा १ चा वर्ग. सूत्र लावा. तिचे दोन तुकडे पडतात: ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५. वीस अंकी डोंगर एका घावात दोन दहा अंकी टेकड्यांत फुटला!

आता धाकटी टेकडी घ्या. तीही ६५,५३६ चा वर्ग वजा एक आहे. पुन्हा तोच घाव: ६५,५३७ आणि ६५,५३५. मग ६५,५३५ म्हणजे २५७ गुणिले २५५. आणि २५५ म्हणजे १७ गुणिले १५. आणि १५ म्हणजे ५ गुणिले ३. बिरूनी ज्या जिन्याने वर चढला त्याच जिन्याने आपण पायरी पायरी खाली उतरलो. आपली संख्या झाली ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. यांतल्या पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावी?

या सहावीने एका मोठ्या माणसाला चकविले आहे. फ्रान्समधील पिएर द फर्मा हा पेशाने कायदेपंडित, तुलूझचा न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. १६४० च्या सुमारास त्याने पाहिले, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या सगळ्या मूळ संख्या आहेत, आणि त्याची खात्री पटली की याच रीतीने पुढे येणाऱ्या सगळ्या संख्या मूळच असणार. पुढची म्हणजे आपली ४,२९,४९,६७,२९७. जवळजवळ शंभर वर्षे कोणी उत्तर दिले नाही. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला असलेल्या लिओनार्ड ऑयलरने दाखवून दिले, की हिला ६४१ ने भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. करून पाहा, बाकी शून्य येते.

६४१ च का, हे कसे सुचले? या संख्येचे मूळ अवयव शोधायचे तर ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, आणि त्या ६,५४२ आहेत. पण हिचा कोणताही अवयव चौसष्टाच्या पटीपेक्षा एकने मोठा असतो, हे ऑयलरने पुढे सिद्धही केले. चौसष्टाच्या पाढ्यात एक एक मिळवीत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात कुलूप उघडते. साडेसहा हजार किल्ल्यांऐवजी पाच! हुशारी म्हणजे पाढे भराभर म्हणणे असा आपल्या घरांतून समज आहे. कोणते भागाकार करायचे नाहीत हे ओळखणे, ही त्याहून मोठी हुशारी.

दहावीच्या मुलांसाठी एक छोटी सिद्धता देतो. हिच्यात भागाकारही नाही. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणजे ५ गुणिले दोनाचा सातवा घात. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजे पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. पहिल्या रूपावरून: ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला तर त्याला ६४१ ने भाग जातो, कारण अ चा चौथा घात वजा एक याचा अ अधिक एक हा अवयव असतोच. ६४० चा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. आता दुसरे रूप दोनाच्या अठ्ठाविसाव्या घाताने गुणा: पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा, अधिक दोनाचा बत्तिसावा. यालाही ६४१ ने भाग जातो. दुसऱ्यातून पहिले वजा करा. मोठे पद उडून गेले आणि उरला दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक, म्हणजे तीच ४,२९,४९,६७,२९७. ज्यांना आत्ता एकदम पटले नसेल त्यांनी घरी कागद-पेन्सिल घेऊन हा परिच्छेद पुन्हा वाचावा. ऐकून समजण्यासारखी ही गोष्ट नाही, लिहून समजण्यासारखी आहे.

६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. तेव्हा आपल्या पाहुण्याचा पूर्ण परिचय असा: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोन पर्याय सात वेळा. म्हणून हिला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या १२८ आहेत, त्यांत एक आणि ती स्वतः धरून. एकही अवयव दोनदा न आल्यामुळे एकाखेरीज कोणत्याही पूर्ण वर्गाने हिला भाग जात नाही.

अर्ध्या पटाची बेरीज, म्हणजे पहिल्या बत्तीस घरांची, ४,२९,४९,६७,२९५ येते. ती ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार. फर्माच्या रीतीच्या आजवर माहीत असलेल्या मूळ संख्या एवढ्या पाचच आहेत. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाऊसने शोधले, की फक्त पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. आणि तसे का, याचे मूळ याच संख्यांत आहे. विषम बाजूंचा जो सर्वांत मोठा सुसम बहुभुज या दोन साधनांनी तत्त्वतः काढता येतो असे आज माहीत आहे, त्याच्या बाजू नेमक्या ४,२९,४९,६७,२९५. अर्ध्या शतरंजपटावरचा गहू आणि कंपासपेटी यांचा असा संबंध असेल, हे त्या सिस्साच्या स्वप्नातही नसेल.

आता जात. ग्रीक लोकांनी संख्यांच्या तीन जाती केल्या होत्या. एखाद्या संख्येला भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सगळ्या संख्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण. जास्त आली तर अधिक. कमी आली तर उणी. सहाचे १, २, ३, बेरीज सहा, म्हणून परिपूर्ण. बाराचे १, २, ३, ४, ६, बेरीज सोळा, म्हणून अधिक. दहाचे १, २, ५, बेरीज आठ, म्हणून उणी. निकोमाखसचा ज्या ग्रंथात हे वर्गीकरण आहे, तो नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा याने अरबीत आणला. एक गोष्ट स्पष्ट करतो. साबित मुसलमान नव्हता, तो हर्रानच्या साबी पंथाचा होता. बगदादने त्याचा धर्म पाहिला नाही, त्याची विद्या पाहिली. ‘आमच्या पूर्वजांनी’ म्हणताना हेही सांगत चला.

आपली संख्या कोणत्या जातीची? तिचे १२७ विभाजक लिहीत बसायला नको. प्रत्येक मूळ अवयवासाठी त्याहून एकने मोठी संख्या वर आणि तो अवयव खाली, असे अपूर्णांक मांडा: चार तृतीयांश, सहा पंचमांश, अठरा सतरांश असे सात. त्यांचा गुणाकार दोनापेक्षा कमी असेल तर संख्या उणी. पहिल्या दोघांचा गुणाकार १.६, तिसरा घेतला की १.६९, पुढचे इतके जेमतेम एकाहून मोठे आहेत, की सगळे मिळून १.७० च्या थोडे वर जाते. दोनापासून ते फार लांब राहिले. जगाचे नऊशे वर्षांचे पीक जिच्यात मावते, ती संख्या उणी निघाली! आकार मोठा असला म्हणजे भरलेपण असते असे नाही.

परिपूर्ण संख्या मात्र याच पटावर दडलेल्या आहेत, आणि त्या कशा काढायच्या हे युक्लिडला माहीत होते. पहिल्या काही घरांची बेरीज मूळ संख्या आली, की तिला शेवटच्या घरातल्या दाण्यांनी गुणायचे. दोन घरे: बेरीज ३, शेवटी २, गुणाकार ६. तीन घरे: ७ गुणिले ४, २८. पाच घरे: ३१ गुणिले १६, ४९६. सात घरे: १२७ गुणिले ६४, ८,१२८. ग्रीकांना एवढ्या चार माहीत होत्या. इस्माईल इब्न फल्लूस या विद्वानाने, त्याचा काळ ११९४ ते १२५२, आपल्या ग्रंथात दहा संख्यांचा तक्ता दिला. त्यातली पाचवी तेरा घरांच्या पटावरची आहे: ८,१९१ गुणिले ४,०९६, म्हणजे ३,३५,५०,३३६. त्याच्या तक्त्यातल्या पहिल्या सात बरोबर आहेत आणि शेवटच्या तीन चूक. सात बरोबर आहेत म्हणून मान द्यायचा, आणि तीन चूक आहेत हेही सांगायचे. विद्येत दोन्ही करावे लागते.

घरांची संख्या संयुक्त असेल तर बेरीज कधीच मूळ येत नाही. चौसष्ट संयुक्त आहे, म्हणून आपल्या पटाच्या बेरजेला मूळ होण्याची आशाच नव्हती. पट एकसष्ट घरांचा असता तर? १८८३ मध्ये रशियातील पेर्वुशिन या पाद्र्याने दाखविले, की ती बेरीज, २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, मूळ आहे. तीन घरे कमी, आणि जात बदलली. पण घरांची संख्या मूळ असली म्हणजे पुरते असेही नाही. अकरा घरांची बेरीज २,०४७, आणि ती २३ गुणिले ८९.

कोणी म्हणेल, या सगळ्याचा उपयोग काय? एक उपयोग तुमच्या खिशात आहे. मोबाइल फोनच्या आतले यंत्र संख्या साठविते ती शून्य आणि एक यांच्या चौसष्ट खणांत. प्रत्येक खण म्हणजे शतरंजपटाचे एक घर. चौसष्टही खणांत एक भरला, की जी सर्वांत मोठी संख्या त्यात बसते ती हीच, आपली वीस अंकी. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्त्यांसाठी बत्तीस खण ठेवले होते. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, बिरूनीचे तेहतिसावे घर. ते कधी संपणार नाहीत असे वाटले होते. २०११ साली मध्यवर्ती साठा संपला.

पालकहो, विशेषतः मुलींचे पालकहो, दहावीनंतर ‘गणित सोडून दे’ असे सांगण्यापूर्वी एक करा. आज रात्री मुलीला समोर बसवा आणि तिच्याकडून शेजारणीच्या दाण्याची युक्ती समजावून घ्या. तुम्हाला समजली तर तिला गणित येते.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला घरचा अभ्यास देतो. पट बारा घरांचा आहे असे समजा. बेरीज ४,०९५. तिचे मूळ अवयव पाडा. सांभाळून, यात एक अवयव दोनदा येतो. म्हणून त्या अवयवापुरता वरच्या अपूर्णांकांचा नियम तसाच चालणार नाही, तेव्हा ४,०९५ ला निःशेष भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सगळ्या संख्या चक्क लिहून काढा. त्या तेवीस आहेत. बेरीज करा आणि सांगा: ४,०९५ ही परिपूर्ण, अधिक की उणी? उत्तर आपल्या गणिताच्या शिक्षकांना दाखवा. खुदा हाफिज.